दुधाचे पॉइंट मिळत नाहीत

भूत ही मुळात घरगुती वस्तू आहे. लांबच्या, अनोळखी भुताला कोणी भीत नाही. भीती वाटते ती आपल्याच माळ्यावरच्या किंवा आपल्याच विहिरीतल्या भुताची, कारण त्याच्याशी रोजची गाठ. तेव्हा त्याच्याशी शेजाऱ्यासारखे वागावे लागते. दुखवायचे नाही, वाटेत आडवे जायचे नाही आणि सणावारी वाटा काढून ठेवायचा. कोकणात राखणदाराला नारळ ठेवतात तो याच हिशेबाने.

जर्मनीतही व्यवहार हाच होता. तिथल्या ‘कोबोल्ड’ नावाच्या घरभुताचा उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतो. हा चुलीपाशी राही. रात्री घर झोपले की लाकडे फोडी, घोड्यांना खरारा करी, भांडी घाशी. पगार म्हणजे वाटीभर दूध किंवा लापशी. वाटी विसरली की संप वगैरे भानगड नाही, सकाळी थेट मडक्यांचा चुरा!

हिल्डेसहाइमच्या बिशपच्या वाड्यात असाच एक होता म्हणतात. सदा टोपी घालायचा म्हणून त्याला ‘ह्योडेकिन’, म्हणजे टोपडेवाला, म्हणत. खुद्द बिशपला सल्ला देण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. पण मुदपाकखान्यातला एक पोरगा त्याच्या अंगावर खरकटे पाणी फेकायचा. टोपडेवाल्याने काय करावे? आचाऱ्याकडे रीतसर तक्रार केली! आचारी हसला. पुढे तो पोरगा तुकडे होऊन रश्शाच्या पातेल्यात सापडला. गोष्ट भयंकर खरी. पण तक्रार वेळेवर ऐकली असती तर रस्सा बिघडला नसता, हे ती सांगणाऱ्याला पक्के ठाऊक आहे.

आता एकदम १९७४ साली, अमेरिकेत या. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने डेव्ह आर्नेसनच्या जोडीने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. आणि वीस बाजूंचा फासा टाकत तळघरातल्या राक्षसांशी झुंजायचे. आमचा भाचा दर रविवारी हा संग्राम आमच्याच जेवणाच्या टेबलावर मांडतो. त्याच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकात मी कोबोल्ड शोधून काढला. चुलीपाशी लापशी खाणारा तो गृहस्थ ओळखू येईना. अंगावर सरड्यासारखे खवले आलेले, टोळी करून हिंडतोय. त्याचा जीव अवघ्या ५ पॉइंटांचा, आणि मारला की खेळाडूंना २५ पॉइंट.

“याला वाटीभर दूध दिलं तर?” मी विचारले.

“मामा, दुधाचे पॉइंट मिळत नाहीत.”

मुद्दा बिनतोड होता. जुन्या माणसाला कोबोल्ड मारता येत नव्हता. त्याच्याबरोबर जन्म काढावा लागे, म्हणून देण्याघेण्याची रीत पडली. खेळात त्याचा जीव आकड्यात बसवला. एकदा किंमत लागली की मग भीती कुठली, आणि वाटी तरी कोण ठेवणार?

पण या कोबोल्डचे काही भाऊबंद घर सोडून खाणीत उतरले होते. सॅक्सनीच्या डोंगरांत चांदी खणणाऱ्यांना कधीकधी एक फसवा दगड लागे. भट्टीत घातला की चांदी नाहीच, वर आर्सेनिकची विषारी वाफ. कामगार आजारी पडत, आणि म्हणत, कोबोल्डने चांदी पळवली. १७३०च्या दशकात गेओर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने असल्या दगडात एक नवा धातू आहे, हे दाखवून दिले. भूत गेले, नाव राहिले. तो धातू म्हणजे कोबाल्ट.

आज बहुतेकांच्या मोबाइलच्या बॅटरीत तो असतो, म्हणजे घरभूत पुन्हा घरात आले, तेही अगदी खिशात. जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोमधून येतो, आणि तिथल्या काही खाणींत माणसे, लहान मुलेसुद्धा, तो हातांनी उकरून काढतात. खाली कोणीतरी आहे आणि आपण त्याचे काही देणे लागतो, एवढे तरी त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या जुन्या मंडळींना कळत होते. आपण बॅटरी उतरली की चार्जर शोधतो.