भीमाकांठचा काळा पाषाण

ज्वालामुखी म्हटला कीं धूर ओकणारा निमुळता पर्वत डोळ्यांपुढें येतो. इंदापूर-बारामतीच्या माळावर तसें शिखर नाहीं, कारण तो माळच लाव्ह्याचा आहे. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त रस उसळला आणि थरावर थर थिजत गेला. थिजतांना आकसून त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या. पाथरवटाचें निम्में काम निसर्गानें असें आधींच करून ठेविलें! चिरेंत पहार घालून, पाचरी ठोकून शिळा सुटी करावयाची. मग घण आणि छिन्नी. मात्र सच्छिद्र, ठिसूळ थर टाळून घट्ट काळा दगड हुडकणें, हें खरें कसब.

त्या कसबाची साक्ष इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें पळसनाथ मंदिर देतें. या घाटाच्या देवळांत शिळा एकमेकींच्या भारानें व खांचांनींच तोललेल्या असतात. त्यांस हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक तेराव्या शतकांतील या यादव मंत्र्याच्या नांवावर महाराष्ट्रानें त्याच्या आधींचीं देवळेंही बिनदिक्कत घातलीं आहेत.

१९८० मध्यें भीमेवर उजनी धरण पुरें झालें. पळसदेवचीं घरें, शेतें जलाशयांत गेलीं. गांव वर हलवावें लागलें. त्या पाण्यावर दूरदूर ऊंस डोलूं लागला. किंमत मात्र उठून गेलेल्या कुटुंबांनीं मोजली. मंदिर जागचें हललें नाहीं. एखाद्या उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें कीं गाळानें माखलेलें तें वर येतें, आणि पाहावयास माणसें लोटतात.