भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर

आपल्या सिस्टरांना परदेशातून पत्र आलं की वर्गात एकच धांदल उडायची. पातळ निळसर पाकीट, कडेला रंगीत पट्टे आणि कोपऱ्यात तिकीट. "सिस्टर, तिकीट मला!" करत आपण त्यांच्यामागे थेट स्टाफरूमपर्यंत जायचो. त्या कोपरा जपून कापून द्यायच्या. माझ्या वहीत अशी सात तिकिटं होती. पत्र कोणाचं, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. दहावीनंतर कधीतरी कळलं की ती पत्रं त्यांच्या आईची होती, आणि आपण नववीत असताना ती यायची थांबली होती.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं की शाळा सुटल्यावर त्यांचा दिवस कसा जायचा, हे मला काहीच ठाऊक नाही. म्हणून ज्यांच्याविषयी पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे अशा दुसऱ्या एका सिस्टरांबद्दल वाचत गेले. त्याही परदेशातून आलेल्या, त्याही भूगोल शिकवणाऱ्या. त्यांचं नाव सिस्टर तेरेसा.

मदर तेरेसा म्हटलं की निळ्या काठांची पांढरी साडी डोळ्यांसमोर येते. पण ती साडी त्यांनी नेसली १९४८ साली. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं त्या लोरेटो संस्थेच्या सिस्टर होत्या आणि त्यांतली बहुतेक वर्षं कोलकात्यात शिक्षिका. या वर्षांबद्दल फार कमी बोललं जातं.

त्यांचा जन्म १९१० चा, स्कोपिये गावचा. घर अल्बेनियन. वडील लहानपणीच गेले. आईने शिवणकाम, भरतकाम करून तीन मुलांना वाढवलं. १८ व्या वर्षी, सप्टेंबर १९२८ मध्ये, मुलगी घराबाहेर पडली. आई आणि बहीण झाग्रेबपर्यंत सोबत आल्या आणि स्टेशनवरून परत फिरल्या. पुढे डब्लिनजवळच्या मठात सुमारे सहा आठवडे इंग्रजीचे धडे, मग बोटीचा प्रवास, आणि ६ जानेवारी १९२९ ला कोलकाता. आयर्लंडहून आलेल्या लोरेटोच्या सिस्टरांना तिथे शाळा चालवायला लागून तोवर ८० हून अधिक वर्षं झाली होती. दार्जिलिंगला उमेदवारी करून, १९३१ साली पहिली व्रतं घेऊन त्या एंटाली भागातल्या सेंट मेरीज या बंगाली माध्यमाच्या शाळेत आल्या.

मठाचा दिवस घंटेवर चालतो. पहाटे उठून प्रार्थना, मग मिसा, मग शाळा. संध्याकाळी वह्या तपासणं, बोर्डिंगच्या मुलींचं जेवणखाण, दुखणीखुपणी. आणि पुन्हा प्रार्थना. मिसा लॅटिनमध्ये, मठातलं बोलणं इंग्रजीत, वर्ग बंगालीत. घरची अल्बेनियन यात कुठेच नव्हती. इतिहास, भूगोल आणि धर्मशिक्षण हे त्यांचे विषय. कामाशिवाय आवाराबाहेर पडायचं नाही, असा लोरेटोचा नियम होता.

पुढे शहरातल्या सेंट तेरेसा या शाळेतही त्या शिकवायला जाऊ लागल्या. तिथला पहिला दिवस त्यांनी तिकडच्या एका मिशन-मासिकाला पत्रातून कळवला होता. खोली अस्वच्छ होती. त्यांनी बाह्या वर सारल्या, सामान हलवलं, पाणी आणि झाडू मागवला आणि फरशी साफ करायला लागल्या. मुलं बघतच राहिली. झाडू कुणी हातात घ्यायचा हे आपल्याकडे जातीने ठरवून ठेवलेलं. शिक्षिकेने तो घ्यावा, हे त्या मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने मुली मदतीला आल्या आणि मुलांनी पाणी आणलं. दोन तासांत वर्ग स्वच्छ झाला. ही मुलं त्यांना 'मा' म्हणायची.

१९३७ साली त्यांनी अखेरची व्रतं घेतली आणि लोरेटोच्या रिवाजाप्रमाणे त्या 'मदर' झाल्या. शाळेतली मोठी जबाबदारी मिळाल्याचं त्यांनी आनंदाने घरी कळवलं. आईचं उत्तर आलं ते आठवण करून देणारं: तू तिकडे गेलीस ती गरिबांसाठी, हे विसरू नकोस. शाळेच्या भिंतीपलीकडेच मोतीझीलची वस्ती होती. सेंट मेरीजच्या मुली तिथे जाऊन येत. त्यांना तयार करून पाठवायच्या या. स्वतःला मात्र नियमाने जाता येत नसे.

मग युद्ध आलं. १९४२ मध्ये शाळेची इमारत लष्करी इस्पितळासाठी घेतली गेली. पुढच्या वर्षी दुष्काळाने बंगालमध्ये लाखो माणसं गेली. १६ ऑगस्ट १९४६ ला कोलकात्यात दंगल पेटली तेव्हा बोर्डिंगमध्ये ३०० मुली होत्या आणि शिधा संपला होता. मदर एकट्याच बाहेर पडल्या. रस्त्यावर प्रेतं पडलेली होती. सैनिकांनी त्यांना अडवलं, लॉरीत बसवून परत आणलं आणि तांदळाची पोती उतरवून दिली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच दार्जिलिंगच्या गाडीत त्यांचा लोरेटो सोडण्याचा निश्चय झाला. परवानगी मिळायला मात्र १९४८ उजाडलं. पाटण्याला शुश्रूषेचं शिक्षण घेऊन त्या मोतीझीलला गेल्या आणि पहिलं काम काय केलं? शाळा काढली. ना फळा, ना बाक. काठीने मातीत अक्षरं काढून शिकवायला सुरुवात केली.

सगळ्यांत पहिली त्यांच्याकडे आली ती त्यांचीच एक विद्यार्थिनी, मार्च १९४९ मध्ये. तिच्यामागून ज्या आल्या, त्यांतही बऱ्याच जणी सेंट मेरीजच्याच होत्या. वर्गात भूगोल शिकताना या मुलींनी बाईंचं आणखीही काही पाहून ठेवलं असणार. जग ज्या कामाला पुढे मदर तेरेसांचं काम म्हणू लागलं, ते उभं राहिलं माजी विद्यार्थिनींच्या बळावर.

आणि आई? झाग्रेबच्या स्टेशनवर झाली तीच शेवटची भेट. पुढे आई आणि बहीण अल्बेनियात राहिल्या आणि तिथल्या राजवटीने भेट होऊ दिली नाही. १९७२ मध्ये आई गेली, पुढच्या वर्षी बहीण. सारं जग ज्यांच्यासाठी दारं उघडत होतं, त्यांना हे एक दार उघडून मिळालं नाही.

हे वाचलं आणि माझी तिकिटांची वही काढली. त्या नववीच्या वर्षात आपल्या सिस्टरांनी एकही तास बुडवल्याचं मला आठवत नाही. आपण नकाशात नद्या भरत होतो आणि त्या बाकांमधून फिरत होत्या, एवढंच आठवतं.

संमेलनाला मी ती वही घेऊन येते आहे. ज्या शिक्षकांनी सिस्टरांसोबत काम केलं, त्यांना विनंती आहे की त्यांचा दिवस कसा असायचा ते मला सांगा. ज्या मैत्रिणी बोर्डिंगमध्ये होत्या, त्यांनीही जे पाहिलं ते सांगा. मी बसून लिहून घेईन. पुढच्या स्मरणिकेत लेख त्यांच्यावरच असायला हवा.