गिरनारची पद्या : बांधणी आणि निगा

गिरनारचे नाव निघाले की महाराष्ट्रातील दत्तभक्ताच्या डोळ्यांपुढे शिखरावरील पादुका उभ्या राहतात, जैन यात्रेकरूस नेमिनाथाचे मंदिर आठवते, शाक्तास अंबामातेचे. इतिहासाचा विद्यार्थी पुष्कळदा पायथ्याच्या शिळेपाशीच थांबतो. या सर्वांना एकत्र बांधणारी जी एक वस्तू, ती मात्र बहुधा कोणाच्याच वर्णनाचा विषय होत नाही. ती वस्तू म्हणजे भवनाथच्या तळेटीपासून दत्तशिखरापर्यंत गेलेली पायऱ्यांची वाट. लोकांच्या तोंडी तिची संख्या कधी ९,९९९ तर कधी १०,००० अशी असते. प्रत्यक्ष मोजणीत थोडेफार अंतर पडेल; परंतु चढणीचा अंदाज येण्यास हा आकडा पुरेसा आहे. वाटेत लागणारे गोरखनाथाचे शिखर सुमारे १,११७ मीटर उंच असून ते गुजरातेतील सर्वोच्च स्थान होय.

अशी वाट एकदा बांधली म्हणजे संपले असे होत नाही. प्रत्येक पावसाळ्यात उतारावरचे पाणी पायऱ्यांनाच ओढा समजून त्यांवरून धावते, सांध्यांतील भर वाहून नेते आणि दगड पोकळ करते. झाडांची मुळे त्यांना उचलतात. असंख्य पावलांनी त्यांच्या कडा गुळगुळीत होतात. म्हणून पायऱ्यांचा इतिहास हा जितका बांधणीचा तितकाच निगेचा इतिहास असला पाहिजे. तो तसा लिहिला का जात नाही, या प्रश्नाचा काही उलगडा लेखांच्या भाषेतून होतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

१

गिरनारच्या पायथ्याच्या एकाच शिळेवर तीन राजवटींचे लेख आहेत : अशोकाची चौदा शासने, शक क्षत्रप रुद्रदामन् याचा इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख आणि गुप्तसम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेख. यांतील दुसरा लेख संस्कृत गद्याचा आद्य दीर्घ नमुना म्हणून भाषाभ्यासकांना परिचित आहे. त्याचा विषय मात्र दुरुस्ती हा आहे, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

सुदर्शन नावाचे सरोवर चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने बांधविले, अशोकाच्या वतीने यवनराज तुषास्फ याने त्यास पाट काढले, अशी पूर्वपीठिका या लेखात दिली आहे. पुढे शक ७२ मध्ये मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस भयंकर वादळी पाऊस झाला, ऊर्जयत् म्हणजे गिरनार पर्वतावरून उतरणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी आदी नद्यांना महापूर आला आणि बांध फुटला. खिंडाराची लांबी ४२० हात, रुंदी तितकीच आणि खोली ७५ हात नोंदविली आहे. हे काम आवाक्याबाहेरचे आहे असे सांगून राजाच्या मंत्र्यांनी अंग काढून घेतले. प्रजा हताश झाली. तेव्हा आनर्त व सुराष्ट्र या प्रांतांचा अधिकारी, कुलैपाचा पुत्र पह्लव सुविशाख, याने हे काम पार पाडले.

या ठिकाणी लेखकर्त्याने मुद्दाम सांगितलेली गोष्ट अशी, की नगरवासी व ग्रामवासी जनांस कर, विष्टि व प्रणय यांनी पीडा न देता, राजाच्या स्वतःच्या कोशातून हा खर्च झाला. यांतील ‘विष्टि’ म्हणजे आपल्या मराठीतील ‘वेठ’. ‘प्रणय’ म्हणजे प्रेमाच्या नावाखाली घेतलेली सक्तीची देणगी. सार्वजनिक बांधकामाचा भार एरवी कोणावर पडत असे, हे या निषेधावरूनच उघड होते. जे घडले नाही म्हणून राजाची स्तुती होते, ते इतरत्र नित्य घडत होते असे समजण्यास हरकत नाही.

सुमारे तीनशे वर्षांनी, गुप्त संवत् १३६ मध्ये, बांध पुन्हा फुटला. स्कंदगुप्ताचा सुराष्ट्रातील अधिकारी पर्णदत्त याचा पुत्र चक्रपालित याने दुसऱ्या वर्षी तो पुन्हा बांधविला. म्हणजे या डोंगराचे पाणी आवरणे हे मौर्यांपासून गुप्तांपर्यंत प्रत्येक राजवटीस नव्याने करावे लागणारे काम होते. सरोवर आज नाही. पण पाणी त्याच उतारांवरून येते आणि पायऱ्यांची गाठही त्याच्याशीच आहे.

२

पायऱ्यांविषयीचा महत्त्वाचा पुरावा बाराव्या शतकातील आहे. डोंगरावरच कोरलेल्या एका त्रोटक लेखानुसार, विक्रम संवत् १२२२ मध्ये (इ. स. ११६५–६६) श्रीमाल ज्ञातीच्या महं. राणिगाचा पुत्र महं. आंबाक याने ‘पद्या कारिता’. हा काळ चौलुक्य राजा कुमारपालाचा. सोमप्रभाचार्यांचा ‘कुमारपालप्रतिबोध’ हा जवळजवळ समकालीन ग्रंथ (वि. सं. १२४१) असे सांगतो, की चांगली वाट नसल्यामुळे राजास गिरनारवर चढता आले नाही. पायऱ्या कोण बांधवू शकेल असे त्याने विचारले, कवी सिद्धपालाने राणिगपुत्र आम्र याचे नाव सुचविले आणि राजाने आम्राची सुराष्ट्राचा अधिकारी म्हणून नेमणूक केली. शिलालेख व ग्रंथ येथे एकमेकांस दुजोरा देतात. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त (वि. सं. १३६१) मात्र हेच श्रेय वाग्भट या प्रसिद्ध मंत्र्याकडे गेले आहे. सव्वाशे वर्षांच्या आत अल्पप्रसिद्ध नावाची जागा मोठ्या नावाने घेतली, हे लोकस्मृतीच्या स्वभावास धरूनच झाले.

‘पद्या’ हा शब्द ‘पद’ यापासून साधलेला. पावलांनी जाण्याची वाट असा त्याचा अर्थ. प्राकृतातील ‘पज्जा’ या रूपातून गुजरातीत ‘पाज’ आला, आणि डोंगराची बांधीव वाट या अर्थाने तो गिरनार व शत्रुंजय यांच्या संदर्भात वापरला गेला. आपली ‘पायरी’ही पायावरूनच आली आहे. दोन्ही भाषांत वाटेचे नाव चालणाऱ्याच्या अवयवावरून पडले, बांधणाऱ्याच्या हातावरून नव्हे.

‘कारिता’ हे रूप अधिक विचार करण्याजोगे आहे. ते ‘कृ’ धातूच्या प्रयोजकाचे कर्मणि भूत धातुसाधित होय. ‘पद्या कृता’ असे लेख म्हणत नाही. ‘करविली’ असे म्हणतो. मराठीच्या अगदी जुन्या लेखांतील श्रवणबेळगोळचे ‘करवियले’ हे क्रियापदही याच जातीचे आहे. प्रयोजक रचनेत दोन कर्ते गृहीत असतात : करविणारा आणि करणारा. व्याकरण दुसऱ्यास वाक्यात स्थान देऊ शकते. लेख ते देत नाही. ज्याने दगड फोडला, उचलला व बसविला, तो क्रियापदाच्या एका प्रत्ययात लपून राहतो. ही केवळ राजस्तुतीची लबाडी नव्हे. दानाचे पुण्य ज्यास मिळावयाचे त्याचे नाव कोरणे हाच लेखाचा हेतू असल्याने मजुराच्या नावास तेथे प्रयोजन नव्हते. आणि पुढील वर्षी निखळलेला दगड पुन्हा बसविणाऱ्याविषयी तर वाक्यच रचले जात नाही. कारण निगेला पूर्ण झाल्याची तिथी नसते.

३

सध्याच्या पायऱ्या मुख्यतः जुनागढ संस्थानच्या काळच्या आहेत. नबाबाच्या या संस्थानाने दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांच्या कारकीर्दीत, १८८९ मध्ये, पायऱ्यांसाठी लॉटरी काढण्यास अनुमती दिली. या खटपटीत संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह अग्रभागी होते. कापलेले नाक शस्त्रक्रियेने पुन्हा घडविण्याविषयीचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. लॉटरीच्या पैशातून सुरू झालेले काम विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. रुद्रदामनाने स्वतःच्या कोशाचा अभिमान सांगितला. आंबाकाच्या पद्येस राजाज्ञेचे पाठबळ होते. येथे मुसलमान नबाबाच्या राज्यात हिंदू व जैन यात्रेची वाट अनेकांनी घेतलेल्या तिकिटांतून बांधली गेली. तिकीट घेणाराचा हेतू पुण्याचा होता की बक्षिसाचा, हे वेगळे काढता येणार नाही. परंतु लॉटरी बांधणीस पैसा पुरविते. वर्षानुवर्षांच्या डागडुजीस ती उपयोगी पडत नाही. बांधकामास उत्साह मिळतो आणि निगेस तरतूद मिळत नाही, हा प्रकार गिरनारपुरता मर्यादित नाही.

४

मग वाट टिकली कशी? राज्यसंस्था व देवस्थाने यांचा वाटा त्यात आहेच. पण त्यांखेरीज पायऱ्यांवर जगणारा एक समाज आहे. त्यात प्रथम डोलीवाले. दांड्याला टांगलेल्या आसनावर यात्रेकरूस बसवून दोन जण, भार अधिक असल्यास चौघे, ही चढण चढतात. पायथ्याशी यात्रेकरूचे वजन करून त्यावर मजुरी ठरविण्याची प्रथा आहे. दुसरे भारवाहक. शिखरावरच्या देवळांस व वाटेवरच्या दुकानांस लागणारे पीठ, दूध, इंधन त्यांच्या डोक्या-खांद्यांवरून वर जाते. म्हणूनच जसजशी पायरी वर तसतसा चहाचा भावही वर. तिसरे दुकानदार व पाणी देणारे. वाटेवरच्या ‘माळी परब’ या ठिकाणाच्या नावातील ‘परब’ म्हणजे पाणपोई. ‘परब’ आणि आपल्या ‘पाणपोई’तील ‘पोई’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘प्रपा’च्या कुळातले.

हलणारा दगड कोणता, पाणी कोठे साचते, शेवाळ कोठे धरते, ही माहिती या लोकांस पावलागणिक असते. कारण खांद्यावर माणूस असताना निसटलेली पायरी म्हणजे दोघांचा अपघात. यात्रेकरूस पायऱ्या आयुष्यात एकदोनदा लागतात; डोलीवाल्यास त्या रोज लागतात. कार्तिकातील परिक्रमा, महाशिवरात्रीची भवनाथची जत्रा व हिवाळ्यातील आरोहण-अवरोहण स्पर्धा हे गर्दीचे प्रसंग. स्पर्धेत पुरुष अंबाजीपर्यंत व स्त्रिया माळी परबेपर्यंत धावत जाऊन परत येतात. म्हणजे तीर्थाची वाट आता व्यायामाचीही वाट झाली आहे. प्रत्येक नवा उपयोग पायऱ्यांवर नवा भार घालतो व नवा कचराही टाकतो. पूर्वीच्या निगेत प्लास्टिकच्या बाटल्यांचा विचार नव्हता. आज तो टाळता येत नाही.

५

२४ ऑक्टोबर २०२० रोजी तळेटीपासून अंबाजीपर्यंत रज्जुमार्ग सुरू झाला. सुमारे २.३ किलोमीटरचे हे अंतर आता काही मिनिटांत तुटते. वृद्ध व अपंग यात्रेकरूंस जे दर्शन दुर्लभ होते ते सुलभ झाले, हा लाभ लहान नाही आणि त्याविषयी खेद करण्याचे कारण नाही. डोलीचे कामही अंगमेहनतीचे व शरीर झिजविणारे. ते कोणी पिढ्यान्‌पिढ्या करीत राहावे अशी इच्छा धरणे योग्य ठरणार नाही. परंतु अंबाजीच्या खालच्या पायऱ्यांवरून रोज जाणारा समाज विरळ झाला, तर त्या पायऱ्यांची रोजची पारखही विरळ होईल. दत्तशिखराकडे जाणाऱ्यास अंबाजीनंतर पायऱ्यांवाचून गत्यंतर नाही. खालची वाटही पायी चढण्याचा नेम असलेल्या भाविकांस हवीच आहे. तेव्हा ज्यांच्या उपजीविकेत निगा आपोआप अंतर्भूत होती, त्यांच्या जागी ती कोण करणार, हे स्पष्टपणे ठरवावे लागेल. आणि ज्यांचे काम गेले त्यांस या निगेच्या कामात मजुरी देऊन घेणे हा सर्वांत सरळ मार्ग दिसतो, कारण तिचे ज्ञान त्यांच्यापाशीच आहे.

आपल्या विद्याशाखेचे कर्तव्य याहून मर्यादित, पण तातडीचे आहे. डोली उचलणाऱ्यांची बोली, खांदा बदलताना द्यावयाच्या सूचना, विसाव्याच्या जागांची नावे, दगडाच्या व पायरीच्या प्रकारांसाठी त्यांच्यात रूढ असलेले शब्द यांचा पद्धतशीर संग्रह झाला पाहिजे. मराठी भाविकांची तेथील वर्दळ पाहता त्या शब्दसंग्रहात मराठीचे पडसाद कितपत उमटले आहेत, हेही तपासण्यासारखे आहे. ‘कारिता’ या रूपाने ज्याला आठशे वर्षांपूर्वी वाक्याबाहेर ठेवले, तो करणारा अद्याप पायऱ्यांवर आहे आणि विचारले तर सांगू शकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय क्षेत्रकार्यासाठी घेतला, तर शिलालेखांच्या शेजारी ठेवता येईल असा दुसरा पुरावा हाती येईल.