स्मृतिखंड, सामायिक : मोचनाचा इतिहास
संगणकाच्या मुख्य स्मृतीतील जो भाग एकाच वेळी अनेक प्रक्रियांना (म्हणजे चालू असलेल्या आज्ञावलींना) वाचता व लिहिता येतो, त्यास सामायिक स्मृतिखंड म्हणतात. काम संपल्यावर तो प्रणालीस परत करणे म्हणजे त्याचे मोचन होय. विदेची नक्कल करावी लागत नसल्याने देवाणघेवाणीची ही पद्धत अत्यंत वेगवान आहे; परंतु खंड कोणाचा व तो कोणी परत करावयाचा, हा प्रश्न तिच्याबरोबरच आला.

युनिक्स ही प्रचालन प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झाली. सामायिक खंडांची सोय मात्र कोलंबस (ओहायओ) येथील शाखेत दूरध्वनी व्यवस्थेच्या कामासाठी तयार झालेल्या अंतर्गत आवृत्तीतून आली व १९८३ च्या ‘सिस्टिम फाइव्ह’ आवृत्तीने ती सर्वत्र पसरली. तीत खंडाचे आयुष्य प्रक्रियेशी नव्हे, तर प्रणालीच्या गाभ्याशी बांधलेले आहे. प्रक्रिया अकस्मात बंद पडली, तरी गाभा तिचा खंडाशी असलेला संबंध तोडतो; खंड तसाच राहतो. स्वतंत्र आज्ञा दिल्यावाचून किंवा यंत्र पुन्हा सुरू केल्यावाचून तो जात नाही. असे बेवारस खंड ‘आयपीसीएस’ आज्ञेने शोधून ‘आयपीसीआरएम’ने काढणे हे व्यवस्थापकांचे नेहमीचे काम होऊन बसले.

आज्ञा दिल्यावरही खंड तत्काळ नष्ट होत नाही. त्यावर खूण होते आणि जोडलेल्या प्रक्रियांची मोजणी शून्यावर आली म्हणजे जागा मोकळी होते. म्हणून सर्व प्रक्रिया जोडल्या जाताच मोचनाची आज्ञा देऊन ठेवण्याची युक्ती रूढ झाली. पुढे सर्व प्रक्रिया मेल्या, तरी जागा अडकत नाही. तथापि दोषसहिष्णु प्रणालीस ही युक्ती नेहमीच परवडत नाही. बंद पडलेल्या प्रक्रियेची जागा घेणाऱ्या नव्या प्रक्रियेस जुनी विदा हवी असते, आणि खूण झालेला खंड त्याच्या किल्लीने तिला सापडत नाही. उलट खंड राखला, तर त्यातील विदा अर्धवट लिहिलेली असण्याचा संभव असतो. १९७६ मध्ये आलेल्या टँडेम कंपनीच्या संगणकांनी हा पेचच टाळला; तेथे प्रक्रियाकांची सामायिक स्मृती नव्हती, सर्व व्यवहार संदेशांनी होत.

पोस्टग्रेस या विदागार प्रणालीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तिची एक सेवक प्रक्रिया कोसळली, की मुख्य प्रक्रिया इतर सर्व सेवकांना थांबवते व सामायिक स्मृती नव्याने मांडते. संशयित विदा वापरण्यापेक्षा हा तोटा बरा, असा त्यामागील विचार दिसतो. खुद्द मुख्य प्रक्रियाच मेली, तर तिचे सेवक मागे राहून विदागाराच्या फाइलींत लिहीत असू शकतात. अशा वेळी दुसरी मुख्य प्रक्रिया सुरू होणे घातक ठरते. म्हणून नवी प्रक्रिया प्रथम जुन्या खंडाची मोजणी पाहते. ती शून्य नसेल, तर सुरू होण्यास नकार देते. शून्य असेल, तरच जुन्या खंडाचे मोचन करते. ही मोजणी गाभा ठेवत असल्याने मृत प्रक्रियेच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहावे लागत नाही. २०१३ मध्ये ९.३ या आवृत्तीत पोस्टग्रेसने आपली बहुतेक स्मृती अनामिक जोडणीच्या पद्धतीकडे वळवली. त्या पद्धतीत अशी मोजणी मिळत नाही, म्हणून सिस्टिम फाइव्ह पद्धतीचा एक लहानसा खंड केवळ या तपासणीसाठी ठेवण्यात आला.