भोंगा भिंतीबाहेर ऐकू जातो का?

नालवाडीला उद्योग नवा नाही. 1930 च्या दशकात विनोबा इथे राहायचे, त्याच काळात वाळुंजकरांचं चर्मालयही इथे चालायचं. तेवढ्या कामात धोका सांगायला माणसाची हाक पुरते. विषारी वायू आणि दारूगोळ्यापुढे ती पुरत नाही.

भोपाळचंच बघा. युनियन कार्बाइडमध्ये दोन भोंगे होते, एक कामगारांसाठी, दुसरा वस्तीसाठी. 1982 मध्ये त्यांची जोड तोडली. 3 डिसेंबर 1984 ला मध्यरात्रीनंतर वस्तीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. आतला चालूच होता. बाहेर माणसं झोपेत मेली.

त्यानंतर 1987 मध्ये कारखाना कायदा बदलला. धोकादायक कारखान्यानं आपला आपत्कालीन आराखडा कामगारांसोबत शेजारच्या वस्तीलाही सांगायचा, असं त्यातलं कलम 41-ब म्हणत होतं.

आपल्या जिल्ह्यात 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावचा दारूगोळा भांडार पेटला. अधिकारी, जवान, अग्निशमन कर्मचारी गेले. आसपासच्या गावांना रातोरात घरं सोडावी लागली.

आता तंत्र पुढे गेलंय. एका शेडमध्ये वायू गळला की सगळीकडचे भोंगे एकदम वाजतात, मशीनच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून दिवेही लुकलुकतात. पण ती तार गावापर्यंत न्यायची की नाही, हे माणसंच ठरवतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या भागातल्या कुठल्या कारखान्याचा भोंगा आपल्यासाठी आहे? आणि तो वाजला तर पळायचं कुठे?