कोळंबीच्या पायाखालची मुंबई

मंडळी, मराठी घरात कोळंबी 'पाळायची' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मोठी झाली की कालवण करायचं ना?" नाही हो! लाल चेरी श्रिंप जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची. खरा प्रश्न असा, की तिच्या टाकीच्या तळाला घालायचं काय? आणि उत्तर शोधायला निघालं की थेट मुंबईच्या इतिहासात शिरावं लागतं.

सुरुवात नळापासून. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. हे तलाव बेसाल्टच्या काळ्या कातळात, पावसाच्या पाण्यावर भरतात. त्या कातळातून चुना फारसा विरघळत नाही, म्हणून पालिकेचं पाणी मऊ. बोअरचं किंवा टँकरचं पाणी मात्र बरंच जड असू शकतं. कोळंबी कात टाकते तेव्हा नव्या कवचाला कॅल्शियम लागतं. ते फार कमी पडलं किंवा फार वाढलं, की कात टाकतानाच ती दगावते. म्हणून आधी पाणी तपासा, मग वाळू!

आता दगड. १८६०च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले आणि फोर्टात मोठमोठ्या इमारती उठल्या. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. हा ज्वालामुखीतून आलेला दगड. काही इमारतींना मात्र पोरबंदरचा दगड आणला. तो चुनखडीचा, सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांपासून बनलेला. दिसायला दोघेही गोरेगोमटे, पण टाकीत दुसरा हळूहळू विरघळून पाणी जड करतो. वर्सोव्याच्या वाळूचंही तेच: शिंपल्यांचा चुरा, वर मीठ आणि सांडपाणी.

ओळखायचं कसं? खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुना. काळा बेसाल्ट सहसा गप्प राहतो, पण त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरा कॅल्साइट असतो, तो फसफसतो. तेव्हा एकच खडा नाही, मूठभर तपासा. रंगीत खडी नकोच, रंग सुटतो. आणि तांबं असलेली औषधं चुकूनही नकोत. कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं, तरी पाण्यातलं जरासं तांबंही तिला मारतं!

"मग जपानी सॉइल घेऊ का?" शेवाळ खाणारी कोळंबी टाकीत आणण्याची रीत १९८०च्या दशकात ताकाशी अमानो यांनी रुजवली, आणि खास अ‍ॅक्वा सॉइलही त्यांच्याच कंपनीने लोकप्रिय केली. ती पाणी आम्ल करते, जडपणा शोषते. बी श्रिंपला उत्तम, पण आपल्या आधीच मऊ पाण्यात चेरीला ती नडू शकते. शिवाय नवी सॉइल सुरुवातीला अमोनिया सोडते, काही आठवडे थांबावंच लागतं.

थोडक्यात, नळाचं पाणी आणि चेरी असेल तर धुतलेली बारीक बेसाल्टची खडी, इंचभर. पाणी फारच मऊ निघालं तर चिमूटभर शिंपल्याचा चुरा.

फक्त ती खडी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरून उचलू नका! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो दोनशे फुटी कातळ. भोवतालचा बराचसा भाग खाणींनी खाल्ला, उरलेल्याला २००७ साली वारसा दर्जा मिळाला. बांधकामाच्या दुकानात मूठभर खडी सहज मिळते. डोंगर मात्र परत मिळत नाही.