मशरूम आणि मोहोर: वाढीच्या इंग्रजी क्रियापदांचा इतिहास

आज एका साध्या वाक्यापासून सुरुवात करू. ‘शहरात खासगी शिकवण्या वाढल्या.’ हे इंग्रजीत सांगायचं आहे. ‘कोचिंग क्लासेस आर फ्लरिशिंग’ असं म्हटलंत, तर क्लासवाले ते वाक्य फलकावर रंगवून घेतील. ‘मशरूमिंग’ म्हटलंत, तर तेच लोक भांडायला येतील. शिकवण्यांची संख्या दोन्ही वाक्यांत तीच आहे. पीटर मार्क रॉजे यांचा थिसॉरस १८५२ साली निघाला. त्यानंतर समानार्थी शब्दांचे कोश घरोघरी गेले, आणि अशी क्रियापदं एका ओळीत, स्वल्पविराम देऊन बसायला लागली. शेजारी बसले म्हणून ते एका घरचे होत नाहीत. प्रत्येकाने वाढीबद्दलचा आपला निवाडा आपल्याबरोबर आणलेला असतो, आणि आपण शब्द उचलला की तो निवाडाही नकळत उचलतो.

जुने शब्द आधी पाहू. ‘थ्राइव्ह’ हा उत्तरेकडून, जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे मूळ धातूचा अर्थ पकडणे, घट्ट धरणे. म्हणजे थ्राइव्ह करणारा स्वतःसाठी काहीतरी धरून ठेवतो. ‘थ्रिफ्ट’ हा त्याचाच सख्खा भाऊ. आज त्याचा अर्थ काटकसर, पण सुरुवातीला तो भरभराट या अर्थानेच वापरत. धरून ठेवलं म्हणून वाढलं, असा तो हिशेब. गंमत बघा, नॉर्सशी काहीएक संबंध नसताना आपली मराठीही ‘धरणे’ याच क्रियापदाकडे जाते. रोप जीव धरतं, झाड फळ धरतं, बाळ बाळसं धरतं. आणि बाळ बाळसं धरत नसेल तर इंग्रज डॉक्टर त्याला ‘फेल्युअर टु थ्राइव्ह’ म्हणतात!

‘फ्लरिश’ लॅटिनमधल्या फुलाच्या शब्दावरून, फ्रेंचमार्गे आला. ‘बर्जन’ हा फ्रेंचमधल्या कळीचा. दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे: वाढीला आकार असतो. कळीचं फूल होतं, फूल पूर्ण उमलतं, आणि त्यापुढे ते आणखी मोठं व्हावं अशी कुणाची अपेक्षा नसते. गुलाब परातीएवढा झाला नाही म्हणून कुणी हळहळत नाही.

‘प्रॉलिफरेट’ची जात वेगळी. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘प्रोलेस’, म्हणजे संतती. रोममध्ये ज्यांच्यापाशी राज्याला देण्यासारखी संततीखेरीज काही मालमत्ता नव्हती, त्या नागरिकांना प्रोलेटारी म्हणत. पुढे मार्क्सच्या लेखनातून जगभर गेलेला प्रोलेटॅरिएट तोच. पेशींच्या बेसुमार वाढीसाठी जीवशास्त्राने हे क्रियापद वापरलं, आणि १९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करार झाला तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात हाच शब्द बसला. ‘बूम’ तर नुसता आवाज, धडाम्! बाजाराच्या तेजीसाठी तो १८७०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. तेजीला स्फोटाचं नाव देणाऱ्यांना पुढचं सगळं ठाऊक असावं, असं मला उगाच वाटत राहतं.

आता मशरूमकडे येऊ. इथे जरा थांबायला हवं.

रात्री पाऊस पडला की सकाळी कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या दिसतात. तुच्छतेने बोलताना हा दृष्टांत आपणही देतो. इंग्रजीत हे नाव आधी माणसांना चिकटलं. मार्लोच्या ‘एडवर्ड द सेकंड’ या १५९४ साली छापलेल्या नाटकात राजाचा लाडका गॅव्हेस्टन सरदारांच्या डोळ्यांत सलतो. एका रात्रीत उगवलेलं भूछत्र, असा त्याचा उद्धार होतो. राग त्याच्या उंचीचा नाही. खाली मूळ दिसत नाही, याचा आहे. खरं तर अळंबीवर हा अन्यायच. तिचे धागे जमिनीखाली किंवा लाकडात आधीपासून पसरलेले असतात. छत्रीचे भागही बरेचसे तयार असतात. पावसाने पाणी भरतं आणि ती फुगून वर येते. आपण फक्त शेवटची रात्र पाहतो.

मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद बंदुकीच्या गोळीला लागलं. वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश सैन्याची तक्रार होती की नवी गोळी माणसातून आरपार जाते, पण तो पडत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. ती शरीरात शिरली की टोक पसरून छत्रीसारखं होई. ती ‘मशरूम’ होते, असंच सैनिक आणि शिकारी म्हणत. १८९९ साली हेगच्या परिषदेत असल्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा निघाला. ब्रिटनने तो मान्य केला १९०७ साली. आणि १९४५च्या ऑगस्टनंतर तर मशरूम म्हटलं की हिरोशिमा आणि नागासाकीवरचा ढग डोळ्यांपुढे येतो.

त्या ढगापासून मी एकदम ऑक्सफर्डला जातो, पण वाट आहे. १९५६ साली विद्यापीठाने हॅरी ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं. एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी उभं राहून विरोध केला. आपलं उद्दिष्ट साधण्यासाठी निरपराध माणसांना मारायचं ठरवणं हा खून आहे, एवढं सरळ त्यांचं म्हणणं होतं. साथ देणारे मोजकेच निघाले, पदवी दिली गेली. दोन वर्षांनी, १९५८ साली, ‘मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी’ हा त्यांचा निबंध आला. परिणामांच्या बेरजेवर सगळं तोलणाऱ्या नीतिविचाराला ‘कॉन्सिक्वेन्शिअ‍ॅलिझम’ हे नाव त्यांनी तिथे दिलं आणि त्याची चिरफाड केली. मग आधार कशाचा घ्यायचा? त्या वनस्पतीच्या उदाहरणाशी गेल्या. एखाद्या सजीवाला अमुक परिस्थितीची गरज आहे म्हणजे काय? ती नसेल तर तो फ्लरिश होणार नाही. माणसाच्या बाबतीत हे फ्लरिशिंग काय असतं, ते समजावून सांगणं नीतिशास्त्राला अजून जमलेलं नाही, असं त्यांनी नोंदवलं. (ढगापासून फुलापर्यंतचा शब्दांचा सांधा माझा आहे, बाईंच्या माथी मारू नका.)

हा शब्द तिथे अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘युडायमोनिया’ची जागा घ्यायला आला. डब्ल्यू. डी. रॉस यांच्या १९२५च्या भाषांतरात त्यासाठी ‘हॅपिनेस’ आहे. त्याने घोटाळा होतो, कारण हॅपिनेस आज दुपारी असेल, संध्याकाळी नसेल. अ‍ॅरिस्टॉटलला पुरं आयुष्य हवं आहे. एका रात्रीत युडायमोनिया उगवत नाही.

मराठीत शिकवताना माझी पंचाईत व्हायची. ‘सुख’ म्हटलं की हॅपिनेसचाच घोटाळा. ‘भरभराट’ला दुकानाच्या वहीचा वास येतो. ‘बहर’ छान, मूळचा फारसीतला वसंत. पण तो ओसरतो. ‘कल्याण’ म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी लोकलची वेळ सांगायचं. एकदा शेतकरी घरातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, रोप जीव धरतं तसं माणसानं धरणं, असं चालेल का?” मी म्हटलं, जीव धरणं ही सुरुवात झाली, अ‍ॅरिस्टॉटल पुढचं विचारतोय. ती म्हणाली, “पुढचं पावसावर असतं, सर.” अ‍ॅरिस्टॉटलही बाह्य अनुकूलता लागते असं म्हणतोच, त्यामुळे मला तिला चूक ठरवता येईना. फळ्यावर मी ‘युडायमोनिया’ तसाच ठेवला आणि त्याखाली तिचं वाक्य लिहिलं.